पगार नाही, सिबिल नाही: मुंबईत शिकताना पहिलं क्रेडिट कार्ड कसं काढायचं

माझी भाची चिपळूणहून माटुंग्याला शिकायला आली. दुसऱ्या वर्षाला असताना तिने एका बँकेच्या ॲपवरून क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. नकार आला. मग दुसऱ्या बँकेत, मग तिसऱ्या. महिन्याभरात चार नकार झाल्यावर मला फोन केला, "मामा, माझं सिबिल खराब झालंय का?"

खराब झालेलं नव्हतं, मुळात ते नव्हतंच. हा फरक नीट कळला की पुढचा निम्मा गोंधळ संपतो. गावात वाणी नव्या बिऱ्हाडाला पहिल्याच महिन्यात उधार देत नाही. नवा माणूस बुडवा आहे असं त्याला वाटत नसतं, पण वहीत त्याचं पान नसतं. बँकेचंही तसंच, फक्त तिची वही दुसरीकडे असते. अशा वह्या सांभाळणाऱ्या चार संस्था आपल्याकडे आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यातली सिबिल २००० साली इथे मुंबईतच सुरू झाली आणि सगळ्यांत जुनी म्हणून तिचंच नाव स्कोअरला, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून दिलेल्या आकड्याला, चिकटलं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलंच नाही त्याच्या जागी आकडा नसतो, 'एनएच' किंवा उणे एक असं काहीतरी दिसतं. किमान अमुक स्कोअर हवाच असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं नाही, ते प्रत्येक बँक आपापल्या धोरणाने ठरवते. आणि पगार नसलेल्या, पान कोरं असलेल्या विद्यार्थ्याला बिनतारण कार्ड देण्याचं धोरण फारच थोड्या बँकांचं असतं.

म्हणून चार ठिकाणी दार ठोठावत बसू नका. स्वतःची थोडी एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्या. माझ्या मते विद्यार्थ्यासाठी हाच सरळ रस्ता आहे. बाकीचे रस्तेही सांगतो, पण आधी घरचा अभ्यास.

आधी स्वतःचा रिपोर्ट बघा

या चारही संस्थांनी प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, पॅन आणि मोबाईल नंबर टाका. 'फ्री सिबिल' म्हणून जाहिरात करणाऱ्या ॲपमधून गेलात तर रिपोर्टबरोबर कर्जाचे फोनही पदरात पडतात.

आपण स्वतः रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो आपण अर्ज केल्यावर बँकेने बघितला तर. प्रत्येक अर्जाची नोंद त्या पानावर राहते आणि महिन्यात चार नोंदी दिसल्या की पाचव्या बँकेला वाटतं, या पोरीला पैशांची फार घाई दिसते. भाचीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: सहा महिने एकही अर्ज नाही.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी निघू शकतात. एक, शैक्षणिक कर्ज. तुमच्या नावाने ते घेतलेलं असेल तर तुमचं पान कोरं नाही. हप्ते अजून सुरू व्हायचे असले तरी खातं तिथे दिसेल. दोन, 'आत्ता घ्या, नंतर भरा' छापाच्या ॲपवरून कधी हेडफोन घेतलेत आणि शेवटचे दोनशे रुपये भरायचे राहिले. ही ॲप मागे कुठल्या तरी वित्त कंपनीचं छोटं कर्जच देत असतात, त्यामुळे ते दोनशे रुपये थकबाकी म्हणून छापून येऊ शकतात. आधी ते भरा. तुम्ही न घेतलेलंच कर्ज दिसलं तर तिथेच तक्रार करा. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

बाकीचे रस्ते, आणि ते मला का पटत नाहीत

पुरवणी कार्ड, म्हणजे बाबांच्या कार्डावरचं ॲड-ऑन. खर्चाला सोयीचं आहे, पण व्यवहार बाबांच्या खात्यात धरले जातात. तुमचं पान सहसा कोरंच राहतं.

'स्टुडंट कार्ड' या नावाखाली जे मिळतं ते नीट वाचा. बहुतेक वेळा ते परदेशी शिकायला जाणाऱ्यांचं फॉरेक्स कार्ड असतं, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग खर्च करायचे. उधार नाही तर इतिहासही नाही.

इंटर्नशिपचा स्टायपेंड दर महिन्याला एकाच बचत खात्यात येत असेल तर ती बँक कधीतरी स्वतःहून 'प्री-ॲप्रूव्ह्ड' कार्ड देऊ करते. आलं तर जरूर बघा, मात्र त्याची वाट बघत बसू नका. शिकवण्या किंवा फ्रीलान्स कामाचे पैसे येत असतील तर कर लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरून ठेवा. उत्पन्नाचा कागद म्हणून काही बँका ते धरतात.

आणि मॉलमध्ये, ऑफिसच्या गेटाबाहेर टेबल मांडून बसलेली मुलं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही टार्गेट असतं. पण "उत्पन्नात तीन लाख लिहू या, कोण बघतंय" असं कोणी म्हणालं तर पेन खाली ठेवून निघा. अर्जावर सही तुमची असते, त्याची नाही.

एफडीवरचं कार्ड

कल्पना सोपी आहे. बँकेत तुमच्या नावाने मुदत ठेव ठेवायची. बँक तिच्यावर आपला हक्क नोंदवते, काउंटरवरच्या भाषेत एफडी 'लिन मार्क' होते, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं. ठेवीवर व्याज नेहमीसारखं चालू राहतं. बँकेचे पैसे सुरक्षित असल्याने पगारपत्रक किंवा जुना स्कोअर सहसा मागितला जात नाही. रिपोर्टमध्ये मात्र हे कार्ड कार्ड म्हणूनच दिसतं, आणि आपल्याला हवी ती गोष्ट हीच.

एसबीआय कार्डचं उन्नती, आयडीएफसी फर्स्टचं वॉव ही या प्रकारातली माहितीची नावं. इतरही बऱ्याच बँका देतात. किमान ठेव किती, फी किती, हे आकडे बदलत राहतात, म्हणून मित्राने गेल्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. ज्या बँकेत तुमचं बचत खातं आहे तिथे आधी विचारा, कागद निम्मे होतात.

मराठी घरांत इथे एक अडचण हमखास येते. घरच्या ठेवी गावच्या पतसंस्थेत असतात. मेहुण्यांनीही तेच विचारलं, "तिच्या नावाची पतसंस्थेत आहे ना पावती, ती लाव की." ती चालत नाही. ज्या बँकेचं कार्ड, तिच्यातच ठेव हवी, आणि अर्ज करणाऱ्याच्या नावाने हवी. बाबांच्या नावाच्या एफडीवर कार्ड बाबांनाच मिळेल. जाता जाता: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

मेहुण्यांचा खरा विरोध वेगळाच होता. "आमच्या घरात कोणी उधारी केली नाही, ही कशाला करते?" मला त्यांचं म्हणणं चूक वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं की पैसे तिचेच आहेत, तिच्याच नावाने व्याज मिळवत पडून आहेत आणि ती त्याच्याआत खर्च करणार आहे. पुढे नोकरीनंतर घराचं कर्ज काढायची वेळ आली की बँक हेच पान उघडून बघते. २० हजारांची एफडी ठरली. त्यातले अकरा हजार तिच्या इंटर्नशिपचे होते.

रक्कम तेवढीच ठेवा जी दोन-तीन वर्षं हातात नसली तरी चालेल. पुढच्या सत्राची फी यात अडकवू नका. कार्ड चालू असेपर्यंत ही एफडी मोडता येत नाही.

काउंटरवर किंवा चॅटवर हे प्रश्न विचारून घ्या: वार्षिक फी आहे का, असल्यास किती खर्चावर माफ होते? लिमिट ठेवीच्या किती टक्के? एफडी मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहते का? कार्ड रुपे या नेटवर्कवर मिळेल का? आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न: या कार्डाची नोंद चारही क्रेडिट संस्थांकडे जाते ना? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर वरच्या साहेबांना विचारा.

कागदपत्रं

वय १८ पूर्ण हवं. पॅन, आधार, फोटो आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर. यादी एवढीशीच आहे, पण अर्ज अडकतात ते इथेच.

पहिला घोळ नावाचा. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर नुसतं नाव-आडनाव. बँकेत आडनाव आधी. मशीनला ही तीन वेगवेगळी माणसं वाटू शकतात. अर्जाआधी पॅन आणि आधारवरची नावं जुळवून घ्या, याला थोडे दिवस लागतात.

दुसरा घोळ पत्त्याचा. आधारवर गाव, राहणं मुंबईत. बऱ्याच ठिकाणी सध्याचा पत्ता स्वतः लिहून दिला तर चालतो. नाहीतर लीव्ह अँड लायसन्स करार किंवा होस्टेलचं, कॉलेजचं लेटरहेडवरचं पत्र लागतं. पीजीत राहणाऱ्यांची पंचाईत होते, कारण रोख भाडं घेणाऱ्या काकू करार करत नाहीत. अशा वेळी कॉलेजच्या कार्यालयातून पत्र घ्या, ते लवकर मिळतं.

तिसरी गोष्ट घोळ नाही, वेळेचं गणित आहे. कार्ड कुरिअरने येतं आणि बहुतेक वेळा ओळखपत्र बघून तुमच्याच हातात देतात. भाचीचं कार्ड आलं तेव्हा ती गणपतीला गावी होती. वॉचमनने घ्यायला नकार दिला, त्याचं बरोबरच होतं, आणि पाकीट परत गेलं. सुट्टीला जाणार असाल तर अर्ज परत आल्यावर करा.

कार्ड हातात आल्यावर पहिला तास

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार ३० दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँकेला पुन्हा ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि ती दिली नाही तर कार्ड फुकट बंद करावं लागतं. तेव्हा ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद असते, ती ॲपमधून आपण सुरू करायची. ऑनलाइन सुरू करा, परदेशी बंदच राहू द्या. टॅपवर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. विरारच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं तर काय, हा विचार करून टॅपची मर्यादा पाचशे-हजारावर आणा.

मग लगेच ऑटोपे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरलं जायची सोय, लावा. इथे दोन पर्याय दिसतील, 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू'. पहिला निवडा. चुकून दुसरा निवडला गेला तर पुढे काय होतं ते आता सांगतो, कारण या लेखातला खरा पैशांचा भाग हाच आहे.

बिल, ड्यू डेट आणि मिनिममचा सापळा

समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या १ तारखेच्या आसपास येते. १३ जुलैला पुस्तकं घेतली तर ती १२ ऑगस्टच्या बिलात येतील आणि १ सप्टेंबरला भरायची, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तीच पुस्तकं ११ ऑगस्टला घेतली तर २१ दिवस. मोठी खरेदी बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी करा असं जुने लोक सांगतात ते याचसाठी. घरून पैसे ५ तारखेला येत असतील आणि ड्यू डेट १ ला असेल तर बँकेला बिलाची तारीख बदलायला सांगा, ती बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

ही बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. १०,००० चं बिल आलं आणि तुम्ही पाच टक्के मिनिमम, म्हणजे ५०० भरले. उरले ९,५००. महिना साडेतीन टक्क्यांनी ढोबळ व्याज ३३२ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६० रुपये. पुढच्या महिन्यात तुम्ही ९,८९२ देणं लागता. पाचशे भरले आणि कर्ज उतरलं एकशे आठ रुपयांनी! वर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. तुमचीच एफडी तिकडे सहा-सात टक्के मिळवतेय आणि तिच्यावरच्या कार्डाचं व्याज ४२ टक्के भरताय. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणजे त्या बाजूने संरक्षण नाही, सावध आपणच राहायचं.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. फी लगेच बसते, व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. महिनाअखेरीला रूममेटकडून पाचशे उसने घेणं यापेक्षा शंभरपट बरं.

तारीख चुकलीच तर घाबरून बसू नका, त्याच दिवशी भरा. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला लेट फी लावता येते आणि थकबाकी कळवता येते. तीन दिवसांची ही ढील अडीअडचणीसाठी आहे. आणि एफडी आहे ना, बँक त्यातून वळती करून घेईल, असा हिशोब मनात असेल तर तो काढून टाका. पैसे वसूल होतील, पण चुकलेल्या महिन्यांची नोंद पानावर राहील. ज्यासाठी हा खटाटोप केला तेच जाईल.

किती आणि कशावर खर्च करायचा

२० हजारांच्या एफडीवर समजा १८ हजारांचं लिमिट मिळालं. महिन्याचा वापर त्याच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ५,४०० पर्यंत ठेवा. जास्त वापर दिसला की स्कोअरला धक्का बसतो, मग पूर्ण भरलं तरी. एखाद्या महिन्यात जास्त झालंच तर बिल बनण्याआधीच थोडे पैसे कार्डात भरून टाका.

भाचीच्या कार्डावर दोनच गोष्टी टाकल्या: मोबाईलचं रिचार्ज आणि लोकलचा पास. रकमा ठरलेल्या, मोह नाही, विसरणं नाही. स्कोअरला वैविध्य लागत नाही. त्याला फक्त दर महिन्याला वेळेवर भरलेलं बिल दिसावं लागतं.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. ते दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर चालतं. माणसाला पैसे पाठवायला चालत नाही, त्यामुळे मेसच्या काकूंचा क्यूआर त्यांच्या बचत खात्याचा असेल तर तिथे अडेल. सोय छान आहे, पण मी भाचीला पहिले सहा महिने जोडू दिलं नाही. चहा, वडापाव, रिक्षा सगळं उधारीवर जायला लागलं की बिल आल्यावर आठवतसुद्धा नाही पैसे गेले कुठे.

फोन आले तर

कार्ड सुरू झाल्यावर फोन सुरू होतात. "लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा." बँक ओटीपी विचारत नाही, फोन ठेवा. 'कार्ड प्रोटेक्शन प्लॅन' आणि विमा विकणारे फोन खरे असू शकतात, तरी नको म्हणा. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. २०१७ च्या नियमांनुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.

सहा महिन्यांनंतर

स्कोअर तयार व्हायला साधारण सहा महिन्यांची नोंद लागते. भाचीचा सातव्या महिन्यात दिसला. वर्षभराने तिच्याच बँकेने बिनतारण कार्ड देऊ केलं. तेव्हा लगेच एफडीचं कार्ड बंद करायची घाई करू नका. फी नसेल तर ते छोट्या खर्चाला चालू ठेवा, खातं जितकं जुनं तितकं बरं. वर्षभर अजिबात वापरलं नाही तर मात्र बँक नोटीस देऊन ते बंद करू शकते.

बंद करायचंच ठरलं तर आधी शेवटचं बिल पूर्ण भरा, ऑटोपे आणि त्या कार्डावरची ओटीटी वर्गणी काढून टाका, मग लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो. कार्ड बंद झालं म्हणजे एफडीवरचा लिन निघालाच असं धरून चालू नका. तो निघाल्याचं ॲपमध्ये बघा, दिसत नसेल तर शाखेत लेखी मागा, आणि महिन्याभराने रिपोर्टमध्ये ते खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना तेही तपासा.